नाणेघाटातल्या दोन नावांची गोष्ट



एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी बचतीचे हप्ते, बँकेचं कर्ज, पापडाच्या पिशवीवरचं लेबल असलं काहीतरी बोलतो. आज प्रेमकथेबद्दल बोलणार आहोत. हसू आलं तर हसून घ्या, आमच्या बैठकीत आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की आपल्या केंद्रावर बायकांनी लिहिलेल्या गोष्टी वाचायचं ठरलं आणि गावोगावच्या गटांना तसा निरोप गेला. गोष्टी भराभर जमल्या. दुष्काळाची आली, दारूची आली, सासू-सुनेच्या तर ढीगभर आल्या. प्रेमाची मात्र एकही आली नाही. का नाही म्हणून विचारलं, तर एक ताई फटकन म्हणाल्या, "प्रेमाचं लिहिलं की लोक गोष्ट ऐकत नाहीत, नाव शोधतात. ही कुणाची, कुठल्या आळीतली. कुणाचंच नाव नाही सापडलं तर माझंच लावतील."

त्यांचं काही चुकीचं नव्हतं. आपल्याकडे गोष्टीत विहीर आली तरी ती कुणाच्या मळ्यातली हे लोकांना लगेच कळतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मग इतकं मागचं लिहू, की तिची चुलतीसुद्धा कुणाला सापडायची नाही." बोलणं गमतीचं होतं, पण आम्ही ते धरून ठेवलं. बी.ए.ला इतिहास घेतला होता आम्ही. नाणेघाट, सातवाहन, पैठण हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलेलं, आणि गाव पारनेर तालुक्यातलं असून नाणेघाट काही पाहिलेला नव्हता. मग सहल ठरवली. नुसतं नाणेघाटला जातो म्हटल्यावर कुणाच्या घरून परवानगी मिळाली असती? म्हणून ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज असं ठरवलं आणि नाणेघाट "वाटेत आहे" असं सांगितलं. तो वाटेत नाही. जुन्नरहून घाटघरच्या बाजूला चांगला आडवाटेला आहे. ज्यांच्या घरी हे भाषण ऐकलं जातंय त्यांनी आता तरी रागावू नये.

नाणेघाट म्हणजे दोन डोंगरांच्या मधली खिंड. वर देश, खाली कोकण. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर लादून या खिंडीतून वर यायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. खाली उतरणारी दगडी वाट आजही पायाखाली येते. ती पाहिली आणि आमच्यातल्या एकजण म्हणाल्या, "म्हणजे हाच मुंबईचा रस्ता म्हणा की." त्यांचे मालक भाजी मार्केटात माथाडी आहेत. आमच्या भागातले कितीतरी पुरुष असेच मुंबईला असतात, जत्रेला आणि दिवाळीला येतात. त्यांचं ते वाक्य आम्ही तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा उपयोग पुढे झाला.

खिंडीच्या वरच्या टोकाला लेणं आहे. आतल्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती नाहीत, खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण कोणती मूर्ती कुणाची हे सांगणारी नावं वर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. ब्राह्मी आम्हाला वाचता येत नाही, ग्रंथालयातून छापील वाचनाची प्रत काढून नेली होती. सिमुक सातवाहनाचं नाव आहे, कुमारांची नावं आहेत, एका महारठीचं नाव आहे. आणि एका जागी दोन नावं एकत्र आहेत. देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी. म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती राणी आणि तिचा नवरा सातकर्णी. ओळ एकच, आणि त्यात राणीचं नाव आधी.

हे वाचून दाखवल्यावर लेण्यात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "सातबाऱ्यावर असं लिहून मिळतं का हो?"

बाजूच्या दोन भिंतींवर मोठा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. तो नागनिकेचा मानतात. आरंभी देवांना वंदन आहे, इंद्राला, चंद्रसूर्याला, संकर्षण-वासुदेवाला. पुढे यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येक यज्ञात किती दक्षिणा दिली तिचा आकडा. गायी इतक्या, हत्ती इतके, घोडे इतके, कार्षापण म्हणजे नाणी इतकी. एका जागी २४,४०० कार्षापण आहेत. आकडे अक्षरांतच नाहीत, खुणांतही कोरलेत. तेव्हा शून्य वापरात नव्हतं, म्हणून दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. आकड्यांच्या इतिहासात नाणेघाटचं नाव निघतं ते यासाठी. आमच्या बायकांना शिलालेखातलं बाकी काही कळो न कळो, जमाखर्च लगेच कळला. दर महिन्याला वही लिहिणाऱ्या आम्ही. नवरा गेल्यावर एक बाई घरातला खर्चाचा हिशोब भिंतीवर उतरवून ठेवते, हे आम्हाला काही फार दूरचं वाटलं नाही.

नवरा गेल्यावर असं म्हणालो, कारण लेखात त्या राणीचं वर्णन आहे. महारठीची मुलगी, वेदिश्रीची आई, महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी. मूळ शब्द "गहतापसी" असा आहे. आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्या त्या शब्दापाशी थांबल्या. म्हणाल्या, "इतकी मोठी राणी, तिलाही हेच?" आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "हिची गोष्ट मी लिहिते."

त्यावरून परतीच्या गाडीत जोरात भांडण झालं, आणि आजच्या भाषणात ते सांगणं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काही जणींचं म्हणणं, प्रेमबिम काही नसणार. सातवाहन आणि महारठी ही दोन बलवान घराणी, त्यांची सोयरीक म्हणजे राजकारण. पुरावा त्याच भिंतीवर आहे, राजाच्या घरातल्या माणसांच्या रांगेत महारठीही उभा केलेला होता. इतिहास म्हणून हे बरोबरच आहे. आम्हीही तसंच म्हणालो. तर त्या ताई म्हणाल्या, "लग्न सोयरिकीसाठीच झालं असेल. माझंही बांधाला बांध लागून होता म्हणून झालं. पुढं काय झालं ते बांधाला विचारणार का?"

यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं. मग आम्ही एक गोष्ट ठरवली. जे दगडात आहे ते बदलायचं नाही. नागनिकेचं दुसरं लग्न लावायचं नाही, तिला तलवार घेऊन घाट उतरवायचं नाही, तिच्या मुलांची नावं आपल्या मनानं ठेवायची नाहीत. पण ती दोन नावं एका ओळीत कोरायला पाथरवटाला सांगितलं कुणी, कधी सांगितलं, सांगताना तिचा आवाज कसा होता, हे दगडात नाही. तेवढी जागा लिहिणारीची. ताईंनी गोष्ट तेवढ्याच रात्रीची लिहिली. पाथरवट विचारतो, आधी कुणाचं नाव? ती बराच वेळ बोलत नाही. गोष्टीत प्रेम हा शब्द एकदाही आला नाही.

आता दुसरी बाजू. राणीचं झालं, साध्या बायकांचं काय? त्यांचं नाव कुठल्या घाटात कोरलेलं नाही. पण सातवाहनांच्याच नावावर एक पुस्तक आहे आणि ते राजांचं नाही. हाल सातवाहनानं जमवलेली गाथासप्तशती. सातशे गाथा, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजी-पणजीच्या भाषेत. सगळ्या एका काळातल्या नाहीत, पहिल्या-दुसऱ्या शतकापासून पुढे त्यांत भर पडत गेली असं अभ्यासक मानतात. मराठीत ती स. आ. जोगळेकरांनी आणली, १९५६ साली. आम्हाला ती तालुक्याच्या वाचनालयात मिळाली, पुठ्ठा सुटलेली.

या गाथांत नांगरणारा शेतकरी आहे, त्याची बायको आहे, मैत्रीण आहे, आत्या आणि सासू आहे, गोदावरीचा काठ आहे, आणि प्रवासाला गेलेल्या माणसांची तर रांग लागलीय. गाथांतल्या प्रेमाचा मोठा हिस्सा रस्त्यानं दिलेला आहे. नवरा व्यापाराला जातो आणि बायको मागे राहते. किंवा परका वाटसरू गावातून जातो आणि कुणीतरी त्याच्याकडे बघतं. आम्हाला दोन गाथा फार आवडल्या. त्या इथे वाचत नाही, तुम्ही मुळातून वाचा, नुसतं काय घडतं ते सांगतो. पाणपोईवर एक मुलगी वाटसरूला पाणी घालतेय. तो ओंजळीची बोटं फाकवून पितोय, म्हणजे पाणी गळून जाईल आणि पिणं लांबेल. आणि ती बारीक धार आणखी बारीक करत चाललीय. संपली गाथा. दुसरीत नवरा गावाला गेलाय आणि बायको दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढतेय. तो गेल्याला अजून अर्धा दिवससुद्धा झालेला नाही आणि भिंत रेघांनी भरलीय.

ही दुसरी गाथा सांगितली तेव्हा मुंबईच्या रस्त्याबद्दल बोलल्या होत्या त्या वहिनी उठून चहा ठेवायला आत गेल्या. बैठक त्यांच्याच घरी होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

गाथांच्या काही कवींची नावं हस्तलिखितांत दिलेली आहेत आणि त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायकांची नावंही आहेत. एवढंच नाव, पुढे मागे काही नाही. पण प्रेमाचं लिहिलं तर लोक काय म्हणतील, ही काळजी करणाऱ्या आमच्या गटाला ही तीन नावं सांगितली ते बरं झालं.

नुसत्या पुस्तकावर मात्र गोष्ट उभी राहत नाही, जागा पाहावी लागते. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. आपण लेण्याद्रीला ज्या गुहेत गणपतीला नमस्कार करतो तोसुद्धा मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, कुणी खोली दिली, कुणी टाकं खोदून दिलं. त्यांत एक आहे इरिल नावाचा यवन. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस. त्यानं दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं. एवढीच नोंद. तो कुठून आला, का राहिला, काही नाही. पण मैत्रिणींनो, पाणपोईची गाथा वाचलेल्या बायकांना जुन्नरात पाण्याचं टाकं देणारा परदेशी माणूस सापडला, मग काय व्हायचं ते झालं. एका महिन्यात चार गोष्टी आल्या आणि चारही गोष्टींत इरिल देखणा.

चारही आम्ही परत पाठवल्या. तो देखणा म्हणून नाही. पहिलीत नायिका त्याला ठेचा-भाकरी वाढते. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे सोळाव्या शतकात. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे यांचंही तसंच, सगळे अमेरिकेतून आलेले. इरिलला ठेचा खायला चौदाशे वर्षं थांबावं लागलं असतं. तिखट हवं तर मिरी घाला, पिंपळी घाला, आलं घाला. मिरीसाठी तर त्याचे भाऊबंद समुद्र ओलांडून येत होते. दुसरीत नायिका नऊवारीत. कपडे, दागिने कसे होते ते पाहायला आम्ही कार्ल्याला गेलो. पुन्हा देवाच्याच नावावर, एकवीरेच्या. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरलेली आहेत. बायकांच्या हातांत बांगड्याच बांगड्या, कमरेला जाड मेखला, कानांत जड कुंडलं. आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, सगळ्या जगाकडे तोंड करून ती उभी आहेत, तेही भिक्खूंच्या प्रार्थनेच्या जागेच्या दारात. आमच्यातल्या सत्तरीच्या आजींनी त्या जोडप्यांना हात जोडले. कुणीतरी म्हणालं, हे देव नाहीत. आजी म्हणाल्या, "नसू देत."

परदेशी माणसाची गोष्ट लिहिणाऱ्या बायकांना आम्ही आणखी एक वाचायला दिलं. पेरिप्लस नावाची, ग्रीक भाषेतली, पहिल्या शतकातली एक लहानशी वही आहे, समुद्रावरच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली. तिच्यात आपलं कल्याण आहे, सोपारा आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. कुठून काय न्यावं, कुठे काय विकतं, सगळं नीट लिहिलंय. भडोचला तिथल्या राजासाठी काय आणतात त्याचीही यादी आहे. चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या मुली, चांगली दारू, तलम कापड.

आम्ही ती यादी एकदा वाचली आणि पुन्हा वाचली. मुली भांड्यांच्या आणि दारूच्या मधे आहेत, मालाच्या यादीत. कुठल्या गावच्या, कुणाच्या, कशा आणल्या, काही नाही. जुना काळ, राजवाडा, परदेशी जहाज असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मालिकेसारखं काहीतरी झुळझुळीत येतं. ते येतं तेव्हा ही यादी आठवावी असं आम्हाला वाटतं. राजाच्या अंतःपुरातलं प्रेम लिहायला आमची मनाई नाही. पण त्या मुलीला तिथून निघून जायची मुभा होती का, हे लिहिणारीनं आधी स्वतःला विचारावं. ज्या बाईला नाही म्हणता येत नाही तिच्या गोष्टीला प्रेमकथा म्हणायला आम्ही तयार नाही, मग ती दोन हजार वर्षांपूर्वीची असो की परवाची. यावरही बैठकीत मतं दोन झाली. एकजण म्हणाल्या, असं पाहिलं तर आपल्यातल्या निम्म्या जणींच्या लग्नाची गोष्ट प्रेमकथा होणार नाही. ते बोलणं तिथंच राहिलं. हप्ते गोळा करायची वेळ झाली होती.

उलट दिशेनंही बायका गेल्या आहेत, निदान एक तरी. इटलीतल्या पाँपेई शहरावर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीची राख पडली. तिथं १९३८ साली खणताना हस्तिदंताची एक बाई सापडली, वीतभराहून किंचित उंच, अंगभर दागिने, पाय मुडपलेले, हात मागे केसांकडे. ती भारतातली आहे यात शंका नाही, आणि तिच्यासारख्या मूर्ती तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला मिळालेल्या आहेत. म्हणून ती आपल्या बाजूचीच असावी असं काही अभ्यासक म्हणतात. तिचं चित्र आम्ही बैठकीत फिरवलं. अजून तिच्यावर कुणी लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला लिहायचं असेल तर विषय मोकळा आहे.

आता शेवटी त्या चहा ठेवायला आत गेलेल्या वहिनींचं. त्यांनी गोष्ट लिहिली तांड्याबरोबर घाट उतरून कल्याणला जाणाऱ्या एका बैलवाल्याच्या बायकोची. तिच्या गोष्टीत राजा नाही, यवन नाही. नवरा जातो, पावसाळा लागतो, घाटाची वाट बंद होते, तो चार महिने तिकडेच अडकतो. ही घरात सासूजवळ. रेघा ओढायला तिनं चुलीमागची भिंत निवडलीय, तिथं धुराच्या काळ्यावर रेघ दिसत नाही, आपल्यालाच बोटांनी कळते. तो परत येतो तेव्हा गोष्टीत ती दाराशी धावत जात नाही. बैलांना पाणी दाखवायला जाते.

मागच्या गुरुवारी ही गोष्ट आपल्या केंद्रावर वाचली गेली, लेखिकेचं नाव न सांगता, तशी त्यांचीच अट होती. संध्याकाळी घरी सासूबाई रेडिओ लावून शेंगा फोडत बसल्या होत्या. ऐकून झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुनेला घाम फुटलेला. मग म्हणाल्या, "तुझा सासरा गिरणीत होता तेव्हा मी मडक्यात चिंचोके टाकायची." आणि थोड्या वेळानं, "गोष्टीतल्या त्या म्हातारीला ठाऊक होतं का गं, भिंतीवरच्या रेघांचं?"

वहिनी म्हणाल्या, तेवढं लिहायचं राहिलंय. या गुरुवारी संध्याकाळी सहाला पुढचा भाग आहे.